‘निलगिरी’ ते ‘निलगिरी’ : परक्या नकाशांपासून स्वतःच्या आराखड्यापर्यंत

जयसिंगपूर : मुंबईच्या नौदल गोदीत १५ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तीन लढाऊ जहाजे एकाच दिवशी नौदलात दाखल झाली. ‘सुरत’ ही विनाशिका, ‘वागशीर’ ही पाणबुडी आणि ‘निलगिरी’ ही फ्रिगेट. तिन्हींची बांधणी माझगाव डॉकमध्ये झालेली. यांपैकी ‘निलगिरी’ हे नाव त्या गोदीला नवे नव्हते. ३ जून १९७२ रोजी याच गोदीत बांधलेली पहिली ‘निलगिरी’ नौदलात दाखल झाली होती. भारतात बांधली गेलेली ती पहिली मोठी युद्धनौका. तिचे नकाशे ब्रिटनचे होते. दुसऱ्या ‘निलगिरी’चे नकाशे भारतीय नौदलाच्या स्वतःच्या अभिकल्प विभागाने काढले आहेत.

या दोन नौकांमधील अंतर त्रेपन्न वर्षांचे आहे. या काळात ब्रिटन, सोव्हिएत संघ व नंतर रशिया, नेदरलँड्स, इटली, इस्राएल आणि अमेरिका अशा अनेक देशांच्या कारखान्यांशी भारताने भागीदारी केली. या सर्व व्यवहारांना वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ‘सहकार्य’ हा एकच शब्द वापरला जातो. प्रत्यक्षात त्यांचे स्वरूप फार वेगवेगळे आहे. जहाज कोणी बांधले, एवढ्यावरून भागीदारीचे मोल ठरत नाही. नकाशा कोणाचा, तो बदलण्याचा अधिकार कोणाला, सुटा भाग कोठून येणार आणि भागीदाराने उद्या हात आखडता घेतला तर जहाज चालणार काय, या प्रश्नांच्या उत्तरांवरून ते ठरते.

सह्याद्रीच्या अलीकडे, ऊस आणि ओतकामाच्या या पट्ट्यात हा विषय वाटतो तेवढा परका नाही. कोल्हापूरचा यंत्रउद्योग परदेशी तेल इंजिनांची दुरुस्ती करता करता उभा राहिला. गुऱ्हाळावरील आणि विहिरीवरील इंजिन बंद पडले, की भाग विलायतेहून येईपर्यंत थांबणे शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. तो भाग येथील मिस्त्रींनी घडवला. पुढे अख्खे इंजिनच घडवले. युद्धनौकेची गोष्ट आकाराने प्रचंड असली तरी तिचा गाभा हाच आहे.

फ्रिगेट म्हणजे काय?

नौदलाच्या ताफ्यात विनाशिका ही आकाराने मोठी व अधिक शस्त्रसज्ज असते, तर कॉर्व्हेट ही तुलनेने लहान असते. या दोहोंच्या मधली ती फ्रिगेट. विमानवाहू नौकेचे रक्षण करणे, व्यापारी जहाजांच्या ताफ्याला सोबत करणे, पाणबुड्यांचा माग काढणे, वेळप्रसंगी एकटीने दूर समुद्रात गस्त घालणे अशी सर्व प्रकारची कामे तिला करावी लागतात. त्यामुळे कोणत्याही नौदलात हिची संख्या महत्त्वाची ठरते.

अवघड भाग असा, की मर्यादित आकारात सर्व काही बसवावे लागते. रडार, पाण्याखालचा आवाज टिपणारे सोनार, तोफ, क्षेपणास्त्रे, पाणतीर, हेलिकॉप्टर आणि त्याचा निवारा, दोन प्रकारची इंजिने, शेकडो किलोमीटर लांबीच्या तारा आणि दोनशेहून अधिक माणसांचे राहणे-जेवणे हे सारे एका कवचात सामावते. एका यंत्राचा कंप दुसऱ्या यंत्राच्या कानात शिरता कामा नये. एका रडारच्या लहरींनी दुसरे यंत्र आंधळे होता कामा नये. म्हणूनच फ्रिगेट बांधणे हे पोलाद जोडण्यापेक्षा मेळ घालण्याचे काम अधिक आहे. हा मेळ घालण्याची विद्या कोणत्याही देशाला पटकन विकत मिळत नाही.

कल्याण-भिवंडीचा धडा

परदेशी कारागिरांच्या साह्याने आरमार उभारण्याचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडीचा प्रदेश स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी तेथे लढाऊ जहाजे बांधण्यास आरंभ केला. त्या कामावर रुय लैतांव व्हियेगस या पोर्तुगीज कारागिराच्या हाताखाली बरेच पोर्तुगीज कामगार होते. ही जहाजे उद्या आपल्याविरुद्धही उभी राहतील, हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी या माणसांना काम सोडून निघून येण्यास भाग पाडले.

कारागीर गेले, आरमाराचे काम मात्र थांबले नाही. स्थानिक हातांनी ते पुढे नेले आणि काही वर्षांतच कोकण किनाऱ्यावर मराठ्यांची गुराबे आणि गलबते फिरू लागली. भागीदार आपल्या हिताला बाध येताच माघार घेतो आणि तोवर जे हातात उतरले तेवढेच आपले राहते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

कोल्हापूरच्या इतिहासातही समुद्राचे एक प्रकरण आहे. मालवण आणि सिंधुदुर्ग पुढे करवीरच्या छत्रपतींकडे होते आणि त्यांची जहाजे त्या किनाऱ्यावर वावरत. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, नंतर परत केला. अखेर १८१२ च्या तहाने मालवणचा किनारा कायमचा इंग्रजांकडे गेला. आज समुद्र नसलेल्या या जिल्ह्याचे आरमाराशी असलेले नाते तेथे संपले.

‘खुकरी’ आणि पहिली ‘निलगिरी’

स्वातंत्र्यानंतर नौदलाच्या फ्रिगेट ब्रिटिश गोद्यांत बांधून आणल्या जात. त्या चांगल्या होत्या, पण दुसऱ्या देशाच्या गरजेनुसार आणि दुसऱ्या समुद्राच्या थंडीनुसार आखलेल्या होत्या. १९७१ च्या युद्धात ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘खुकरी’ ही ब्रिटनमध्ये बांधलेली फ्रिगेट पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या फ्रेंच बनावटीच्या पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. ‘खुकरी’चे सोनार त्या पाणबुडीच्या तोडीचे नव्हते. जे मिळाले त्यावर भागवावे लागणे म्हणजे काय, हे त्या रात्री कळून चुकले.

त्या वेळी माझगावला पहिली ‘निलगिरी’ पूर्ण होत आली होती. माझगाव डॉकची सुरुवात १७७४ मधील एका लहानशा सुक्या गोदीपासून झाली. अनेक खासगी मालकांच्या हातून ती १९६० मध्ये केंद्र सरकारकडे आली. तोवर तिचे मुख्य काम व्यापारी जहाजांच्या दुरुस्तीचे होते. अशा गोदीत ब्रिटिश नौदलाच्या ‘लिअँडर’ जातीची फ्रिगेट बांधायची, असे सरकारने ठरवले. व्हिकर्स आणि यॅरो या ब्रिटिश कंपन्या तांत्रिक सहयोगी झाल्या. ऑक्टोबर १९६६ मध्ये कील बसवली गेली आणि दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९६८ मध्ये, तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते जलावतरण झाले.

नकाशे ब्रिटनचे, यंत्रे बहुतांशी ब्रिटनची, अडचण आली की विचारणाही ब्रिटनकडेच, असे पहिल्या नौकेचे स्वरूप होते. खरे शिक्षण पुढच्या नौकांत झाले. एकाच आराखड्यावर ‘हिमगिरी’, ‘उदयगिरी’, ‘दुनागिरी’, ‘तारागिरी’ आणि ‘विंध्यगिरी’ अशा आणखी पाच नौका १९८१ पर्यंत बांधल्या गेल्या. ‘हिमगिरी’पासून नेदरलँड्सच्या सिग्नाल कंपनीच्या बनावटीची रडार यंत्रणा आली. शेवटच्या दोन नौकांत मागचा भाग बदलून मोठ्या ‘सी किंग’ हेलिकॉप्टरसाठी जागा करण्यात आली. मूळ ब्रिटिश नकाशात हे नव्हते. ज्यांना आधी रेघेवर रेघ गिरवायला शिकवले होते, ते आता रेघ बदलू लागले होते.

‘गोदावरी’ची झेप

ज्या अभियंत्यांनी ‘लिअँडर’ गिरवली, त्यांनीच पुढे स्वतःची फ्रिगेट आखली. ‘गोदावरी’ डिसेंबर १९८३ मध्ये नौदलात आली. तिच्या पाठोपाठ ‘गंगा’ आणि ‘गोमती’. इंजिने ओळखीचीच, ‘लिअँडर’प्रमाणे वाफेवर चालणारी ठेवण्यात आली. कवच नवे, आकार मोठा आणि दोन ‘सी किंग’ हेलिकॉप्टरे वाहण्याची सोय.

‘गोदावरी’चे वैशिष्ट्य तिच्या पोटात होते. क्षेपणास्त्रे सोव्हिएत, रडार व इतर यंत्रणा पाश्चात्त्य आणि भारतीय, तर लढाईची माहिती एकत्र करणारी संगणक व्यवस्था इटालियन. शीतयुद्धाच्या त्या काळात एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या गटांची ही यंत्रे एकाच जहाजावर एकत्र काम करतील, याची हमी कोणताही विक्रेता देणार नव्हता. व्होल्टेज वेगळे, मापे वेगळी, माहितीपत्रकांच्या भाषा वेगळ्या. हा मेळ भारतीय नौदलाच्या अभियंत्यांनी घातला. ही विद्या त्यांना कोणी दिली नव्हती, त्यामुळे ती कोणाला काढून घेता येण्यासारखीही नव्हती. आजच्या नौकांवर इस्राएली रडार, रशियाच्या भागीदारीतील क्षेपणास्त्र आणि अमेरिकी बनावटीची इंजिने एकत्र नांदतात, त्याचे मूळ येथे आहे.

रशियन नौका, युक्रेनी इंजिने

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर नौकांची संख्या घटू लागली आणि देशी बांधणीचा वेग कमी पडला. तेव्हा तयार नौका विकत घेण्याचा मार्ग पुन्हा स्वीकारावा लागला. १९९७ मध्ये रशियाकडे तीन फ्रिगेटची मागणी नोंदवण्यात आली. सेंट पीटर्सबर्गला बांधलेली ‘तलवार’ जून २००३ मध्ये दाखल झाली. विमानवेधी क्षेपणास्त्र यंत्रणेतील दोषांमुळे तिला ठरल्यापेक्षा उशीर झाला होता. पाठोपाठ ‘त्रिशूल’ आणि ‘तबर’ आल्या. पुढे कालिनिनग्रादच्या यांतर गोदीत ‘तेग’, ‘तरकश’ आणि ‘त्रिकंड’ या तीन नौका २०१२-१३ मध्ये तयार झाल्या.

या जातीची खरी परीक्षा २०१४ मध्ये झाली, आणि तीही भारताचा काही संबंध नसलेल्या भांडणामुळे. नौकांचे कवच रशियाचे असले तरी त्यांची गॅस टर्बाइन इंजिने युक्रेनमधील मिकोलाइव्ह शहरातील झोर्या-माशप्रोएक्त कारखान्यात तयार होत. सोव्हिएत काळात हे दोन्ही एकाच देशाचे भाग होते. रशियाने क्रिमिया घेतल्यावर युक्रेनने रशियाला इंजिने देणे बंद केले. रशियन नौदलासाठी बांधायला घेतलेली याच धर्तीची कवचे यांतर गोदीत इंजिनांविना पडून राहिली.

भारताने यातून वाट काढली. इंजिने भारताने युक्रेनकडून स्वतः खरेदी करायची आणि रशियाच्या गोदीला पुरवायची, असे ठरले. २०१८ मधील करारानुसार दोन नौका रशियात पूर्ण करण्याचे आणि दोन तंत्रज्ञान हस्तांतर घेऊन गोवा शिपयार्डमध्ये बांधण्याचे निश्चित झाले. ‘तुशील’ ९ डिसेंबर २०२४ रोजी आणि ‘तमाल’ १ जुलै २०२५ रोजी कालिनिनग्रादला नौदलात दाखल झाल्या. मधल्या काळात, २०२२ पासून, रशिया आणि युक्रेन यांच्यात उघड युद्ध पेटले होते. एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांच्या कारखान्यांतून आलेले भाग एकाच जहाजात बसवून घेण्याची वेळ नौदलावर आली. परदेशातून बांधून घेतलेली ‘तमाल’ ही शेवटची युद्धनौका असेल, असे संरक्षण मंत्रालयाने त्या वेळी सांगितले.

गोव्यात बांधल्या जाणाऱ्या दोन नौकांपैकी ‘त्रिपुत’चे जलावतरण २३ जुलै २०२४ रोजी आणि ‘तवस्या’चे २२ मार्च २०२५ रोजी झाले. सुमारे १२५ मीटर लांबीच्या या नौका वास्कोच्या गोदीसाठी मोठी उडी आहे. तेथे आधी गस्ती नौका आणि तटरक्षक दलाची जहाजे प्रामुख्याने बांधली जात. मात्र या नौकांचा मूळ आराखडा रशियन आहे. पहिल्या ‘निलगिरी’च्या वेळी माझगाव जेथे होते, तेथे आज गोवा शिपयार्ड आहे असे म्हणता येईल.

इटलीकडून काय घेतले?

नव्या ‘निलगिरी’चा प्रकल्प ‘१७-अ’ या नावाने ओळखला जातो. त्याआधीच्या ‘१७’ प्रकल्पातील ‘शिवालिक’, ‘सातपुडा’ आणि ‘सह्याद्री’ या तीन नौका २०१० ते २०१२ या काळात माझगावहून दाखल झाल्या होत्या. ‘१७-अ’मध्ये एकूण सात नौका आहेत. ‘निलगिरी’, ‘उदयगिरी’, ‘तारागिरी’ आणि ‘महेंद्रगिरी’ या चार माझगावकडे. ‘हिमगिरी’, ‘दुनागिरी’ आणि ‘विंध्यगिरी’ या तीन कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीकडे. यांपैकी सहा नावे जुन्या ‘लिअँडर’ नौकांचीच आहेत. प्रकल्पाचा खर्च सुमारे ४५ हजार कोटी रुपये.

जुन्या ‘निलगिरी’च्या तुलनेत नवी दुपटीहून जड आहे. लांबी १४९ मीटर, वजन सुमारे ६,६७० टन, वेग ताशी २८ सागरी मैल. संथ प्रवासासाठी डिझेल इंजिने आणि वेगासाठी गॅस टर्बाइन अशी दुहेरी योजना आहे. एका वेळी यांपैकी एकच संच नौका ओढतो. शत्रूच्या रडारवर ठिपका लहान दिसावा म्हणून बाजू कललेल्या आणि सपाट ठेवल्या आहेत. आठ ‘ब्राह्मोस’ आणि विमानवेधी बत्तीस ‘बराक-८’ क्षेपणास्त्रे डेकखाली उभ्या कप्प्यांत बसवलेली आहेत.

या प्रकल्पात इटलीची फिनकान्तिएरी ही कंपनी सहभागी झाली. तिच्याकडून जहाजाचा आराखडा घेतलेला नाही. जहाज बांधण्याची रीत घेतली आहे. हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

जुन्या रीतीत आधी जहाजाचे कवच उभे करीत आणि ते पाण्यात सोडीत. नंतर अंधाऱ्या, अरुंद खोल्यांतून कामगार नळ ओढत, तारा टाकत, यंत्रांच्या बैठका वेल्ड करीत. एका पथकाने रंगवलेली भिंत दुसरे पथक तापवून खराब करी. कोठे नळ आणि तारा एकाच जागी आल्या, की एक तोडून पुन्हा करावे लागे. वर्षे यातच जात. नव्या रीतीत जहाजाचे मोठे ब्लॉक पाडले जातात. प्रत्येक ब्लॉक कार्यशाळेत, छपराखाली, सोयीच्या दिशेने ठेवून तयार होतो; नळ, तारांचे मार्ग, शिड्या, यंत्रांच्या बैठका त्यात आधीच बसतात. मग तो उचलून शेजारच्या ब्लॉकला जोडायचा. यासाठी माझगावने तीनशे टन उचलणारी गोलिएथ क्रेन आणि ब्लॉक बांधणीची स्वतंत्र कार्यशाळा उभारली.

ऐकायला सोपी वाटणारी ही रीत फार शिस्त मागते. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलाद आक्रसते. ते किती आक्रसेल याचा हिशेब आधीच धरावा लागतो. दोन ब्लॉकमधील नळांची तोंडे मिलिमीटरच्या हिशेबात जुळली पाहिजेत. मुख्य म्हणजे पहिला पत्रा कापण्यापूर्वी संपूर्ण नकाशा पक्का हवा.

जयसिंगपूरकरांना ही गोष्ट समजावी लागू नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये वडिलांच्या नावाने हे गाव वसवले, ते आधी कागदावर आखून. म्हणून येथील गल्ल्या सरळ आहेत आणि त्यांना आजही क्रमांकांनी ओळखले जाते. वाढत गेलेल्या गावात नंतर गटार आणि रस्ते काढणे किती कठीण जाते, हे शेजारच्या कोणत्याही जुन्या गावात पाहावे.

इटलीकडून घेतलेली रीत मुरली की नाही, याचे उत्तर आकड्यांत मिळते. ‘निलगिरी’च्या बांधणीला ९३ महिने लागले. माझगावने नोव्हेंबर २०२५ मध्ये नौदलाच्या ताब्यात दिलेल्या ‘तारागिरी’ला ८१ महिने लागले. त्याआधी २६ ऑगस्ट २०२५ रोजी माझगावची ‘उदयगिरी’ आणि कोलकात्याची ‘हिमगिरी’ विशाखापट्टणमला एकाच दिवशी दाखल झाल्या होत्या. ‘उदयगिरी’ ही नौदलाच्या अभिकल्प विभागाने आखलेली शंभरावी नौका ठरली. जगातील आघाडीच्या गोद्या याहून वेगाने काम करतात, हेही खरे आहे. बारा महिन्यांची बचत ही सुरुवात आहे.

दुसऱ्यांचे अनुभव

भागीदारीतून फ्रिगेट बांधताना श्रीमंत देशही अडखळले आहेत. फ्रान्स आणि इटली यांनी २००५ मध्ये ‘फ्रेम’ या एकाच जातीच्या फ्रिगेट मिळून बांधण्याचे ठरवले. संख्या मोठी असली की खर्च वाटला जातो, हा त्यामागचा हिशेब. पण दोन्ही नौदलांच्या गरजा वेगळ्या निघाल्या, यंत्रणा वेगळ्या बसल्या आणि फ्रान्सने मूळ सतरा नौकांची योजना आठवर आणली. तरीही नौका उत्तम ठरल्या.

इतक्या उत्तम, की अमेरिकेने २०२० मध्ये आपल्या ‘कॉन्स्टेलेशन’ फ्रिगेटसाठी त्यांचाच आराखडा निवडला. तयार नकाशा घेतल्याने वेळ वाचेल, ही अपेक्षा होती. मूळ आराखड्याशी पंच्याऐंशी टक्के साम्य राखण्याचा विचार होता. बदल होत होत ते साम्य पंधरा टक्क्यांच्याही खाली गेले. नकाशा पुरा होण्याआधीच बांधणी सुरू झाली आणि काम तीन वर्षे मागे पडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी नौदलाने हा कार्यक्रम आवरता घेतला. बांधकाम सुरू असलेल्या पहिल्या दोनच नौका पुढे चालू राहिल्या.

फिनकान्तिएरी ही कंपनी दोन्हीकडे होती. अमेरिकेने तिच्याकडून आराखडा घेतला आणि तो ओळखू येणार नाही इतका बदलला. भारताने आराखडा स्वतःचा ठेवला आणि तिच्याकडून कामाची रीत घेतली. यावरून भारत अमेरिकेपेक्षा पुढे गेला असा अर्थ काढणे भाबडेपणाचे होईल. भागीदाराकडून नेमके काय मागावे, हे आधी ठरवलेले बरे, एवढाच बोध त्यातून घेता येतो.

अजून काय बाकी आहे?

‘१७-अ’ नौकांत सुमारे ७५ टक्के भाग देशी असल्याचे सरकारी माहितीत सांगितले जाते. पूर्वी आयात करावे लागणारे युद्धनौकेचे पोलाद आता देशात तयार होते. हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने ‘डीएमआर-२४९ अ’ हे पोलाद विकसित केले आणि स्टील अथॉरिटी ते बनवते. ‘ब्राह्मोस’ ही रशियाशी १९९८ मध्ये केलेल्या करारातून उभी राहिलेली संयुक्त कंपनी असून तिच्यात भारताचा वाटा ५०.५ टक्के आहे. ‘बराक-८’ इस्राएलसोबत मिळून विकसित झाले. हे सर्व समाधानाचे आहे.

उरलेल्या पंचवीस टक्क्यांत मात्र जहाजाचे हृदय आहे. ‘निलगिरी’ची गॅस टर्बाइन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची ‘एलएम २५००’ आहेत. त्यांची जुळणी बंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये होते. डिझेल इंजिने जर्मन ‘मान’ कंपनीच्या बनावटीची आहेत. याचा अर्थ काय होऊ शकतो, ते माझगावने एकदा अनुभवले आहे. २००९ च्या सुरुवातीला ‘शिवालिक’ पूर्णत्वाला येत असताना अमेरिकी सरकारने जनरल इलेक्ट्रिकला त्या नौकेच्या इंजिनांवरील काम थांबवण्यास सांगितले. वॉशिंग्टनमध्ये नुकतेच नवे प्रशासन आले होते आणि काही देशांशी असलेल्या लष्करी व्यवहारांचा फेरआढावा सुरू होता. पुढे परवानगी मिळाली, काम पूर्ण झाले. पण मुंबईच्या गोदीत उभे असलेले, भारतीय पैशाने बांधलेले जहाज परदेशी कार्यालयातील एका आदेशाने काही काळ थबकले होते.

टक्केवारीचा आकडा म्हणूनच जपून वाचावा लागतो. पत्रे, दरवाजे, खाटा आणि पंप देशी झाल्याने टक्का वाढतो आणि तो वाढलाच पाहिजे. पण टर्बाइनचे एक पाते देशात घडत नसेल, तर बाकीचे सर्व जहाज त्या पात्याची वाट पाहत राहते. प्रचंड उष्णता सोसणारे ते पाते ओतणे हे धातुविद्येतील सर्वांत कठीण कामांपैकी एक आहे आणि जगातील मोजक्याच देशांना ते साधले आहे. ही विद्या कोणताही भागीदार आनंदाने देत नाही.

लहान कारखान्यांचा वाटा

‘१७-अ’ नौकांच्या कामात दोनशेहून अधिक लघु व मध्यम उद्योग सहभागी असून त्यातून सुमारे चार हजार जणांना थेट आणि दहा हजारांहून अधिक जणांना अप्रत्यक्ष रोजगार मिळाला, असे सरकारी आकडे सांगतात. गोदी स्वतः झडपा, पंप, बिजागरी, तारांचे मार्ग बनवत नाही, ती मागवते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील शेकडो फाउंड्रींच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या भागांवर उभ्या असलेल्या या पट्ट्याला मंदीचे चटके दर काही वर्षांनी बसतात.

नौदलाचे काम मात्र वाहन उद्योगाच्या कामाहून वेगळे आहे. तेथे लाखांनी नग लागत नाहीत. थोडे लागतात, पण प्रत्येक नगामागे कागद लागतो. धातू कोणत्या वितळणीतला, क्ष-किरण तपासणीत पोकळी दिसली काय, खाऱ्या पाण्यात आणि धक्क्याच्या चाचणीत तो टिकला काय, याची नोंद जहाज निवृत्त होईपर्यंत जपावी लागते. मान्यता मिळण्यास वर्षे लागतात आणि तोवर पैसे अडकून पडतात. त्यामुळे लहान कारखानदार कचरतो, यात नवल नाही. एखाद्या जातीच्या सातच नौका बांधून काम थांबले, तर त्याने घेतलेली भट्टी आणि शिकवलेली माणसे पुन्हा रिकामी बसतात. ‘लिअँडर’च्या सहा नौका सलग बांधल्या गेल्या म्हणून ‘गोदावरी’ शक्य झाली. पुढील जातीची मागणी वेळेवर नोंदवणे हे म्हणूनच केवळ नौदलाच्या सोयीचे काम उरत नाही. शिकलेले हात टिकवण्याचा तोच एक मार्ग आहे.

पहिली ‘निलगिरी’ चोवीस वर्षे सेवेत राहून १९९६ मध्ये निवृत्त झाली. नवी ‘निलगिरी’ नेहमीप्रमाणे तीन दशके चालली, तर ती २०५५ च्या आसपास निवृत्त होईल. तोवर तिचे पोलाद, तिचे नकाशे आणि तिची दुरुस्ती यांसाठी कोणाकडे पाहावे लागणार नाही, इतपत वाटचाल झाली आहे. इंजिनाच्या सुट्या भागासाठी मात्र परदेशी कारखान्याकडे आणि त्यामागच्या सरकारकडे पाहावे लागेल. कोल्हापूरच्या मिस्त्रींनी गुऱ्हाळावरच्या इंजिनाबाबत जो प्रश्न आपल्यापुरता सोडवला, तो समुद्रावर अद्याप सुटायचा आहे.